जुनेराचा उजेड

चाळीस वर्षं मी नवं कापड विकलं. पारकर वस्त्रभांडार, बाजारपेठ, खारकोंड. ठाण उलगडायचं, गिऱ्हाइकाच्या खांद्यावर टाकायचं, आरसा पुढे सरकवायचा आणि गप्प बसायचं. बोलला तो व्यापारी बुडाला, असं आमचे वडील म्हणायचे. आणि म्हातारपणी माझ्या कपाळी काय आलं? जुनेरं! विरलेल्या, पदराला भोकं पडलेल्या सुती साड्या. भर बागेत दोऱ्या बांधून मी त्या टांगल्या. गाव हसलं. हसेना का, गावाला दुसरा उद्योग काय आहे?

हे सगळं माझ्या बायकोने करून ठेवलं. वैजयंती इथल्या हायस्कुलात विज्ञान शिकवायची. सगळं गाव तिला बाई म्हणायचं, मी वैजू म्हणायचो. खाडीकाठी नगरपरिषदेची बाग आहे, त्या बागेत एक मत्स्यालय होतं. मासे केव्हाच मेले, काचा फुटल्या, इमारत तेवढी उरली. आताशा अमावास्येच्या भरतीला खाडीचं पाणी बागेच्या खालच्या हिरवळीवर येतं, दरवर्षी थोडं जास्तच येतं. लोक म्हणायचे, मत्स्यालय पाडू नका, मासे पायऱ्या चढून आपणहून येतील. वैजूला त्या इमारतीत ऊर्जाशाळा काढायची होती.

"तिकीट नाही, फी नाही, कुणाच्या नावाची पाटी नाही," ती म्हणाली. "बागेत फिरायला आलेल्या कुणीही आत यायचं, ऊन, वारा, भरती, ओल, ज्याच्यातून वीज निघते त्या सगळ्याला हात लावून बघायचं."

"अगं, हल्ली मोबाइलला विचारलं की तो सगळं सांगतो."

"अहो, वीज कुठून येते म्हणून विचारलं तर मुलं भिंतीतल्या बटणाकडे बोट दाखवतात. बटणाच्या मागे काय आहे, ते कुणी हात लावून कधी बघायचं?"

तिच्याशी वाद घालून मी आयुष्यात एकदाही जिंकलो नव्हतो. न्यास नोंदवला. विश्वस्त म्हणून तिचेच जुने विद्यार्थी धरून आणले, बाईंना नाही म्हणायची हिंमत त्यांच्यात कुठली असायला! नगरपरिषदेने जागा दिली, पण अट घातली. गणपतीनंतरच्या पहिल्या सोमवारी, संध्याकाळी, वीजमंडळाची तार न जोडता केंद्र चालवून दाखवायचं. जमलं तर जागा न्यासाची. नाही जमलं तर तिथे खाऊगल्ली आणि फोटो काढायला कारंजं. त्याचे नकाशेसुद्धा तयार होते म्हणे.

आता घाटावर असतं तर सोपं होतं. तिकडे छपरावर सौरऊर्जेचे पत्रे बसवले की सूर्य आहेच राबायला. आमच्याकडे जूनपासून आभाळ जे खाली उतरतं ते उठायचं नाव घेत नाही. गेल्या काही वर्षांत वादळं तर अशी वाढली आहेत की तारा तुटलेल्या आणि छपरावरचे पत्रे झोपलेले, असे आठवडेच्या आठवडे जातात. त्यात गणपतीनंतरची संध्याकाळ. सूर्य मावळलेला, वारा पडलेला, आणि अंगाला चिकटणारी ही ओल. वैजू म्हणाली, "मग ओलीलाच कामाला लावू."

हे तिच्या डोक्यात भरवलं ओवी कुडपकरने. ओवी तिची लाडकी विद्यार्थिनी, पुढे जीवशास्त्रात मोठी पदवी घेऊन आलेली. मला तिने समजावलं तेव्हा मी दोनदा जांभई दिली, पण तिसऱ्यांदा समजलं. ते असं आहे. हवेतली ओल म्हणजे पाण्याचे न दिसणारे कण, आणि त्या कणांबरोबर थोडा थोडा विद्युतभार हिंडत असतो. चिखलात राहणारा एक जिवाणू आहे. तो आपल्या अंगातून प्रथिनांचे धागे काढतो, केसाचे उभे हजारो भाग केले तर त्यातल्या एकाइतके बारीक, आणि त्या धाग्यांतून वीज वाहते. अशा धाग्यांचा पापुद्रा तयार केला की त्याची हवेकडची बाजू ओल पिते, आतली बाजू त्यामानाने कोरडी राहते. जास्त ओलीकडून कमी ओलीकडे भार सरकायला लागतो. भार सरकला की वीज आली. ऊन नको, वारा नको, काही जाळायला नको. हवा जितकी दमट तितकं उत्तम. म्हणजे ज्या हवेला आम्ही जन्मभर शिव्या घातल्या, तीच इथली खाण निघाली.

मोठमोठ्या प्रयोगशाळांत हा पापुद्रा काचेवर चढवत. ओवीने तो कापडावर चढवला. मी दुकानातलं उत्तम नवं सुती ठाण दिलं. ढिम्म! मग वैजूने पाय पुसायला ठेवलेला जुन्या साडीचा तुकडा उचलून दिला, आणि मिणमिण का होईना, दिवा लागला. नवं सूत घट्ट असतं. शंभरदा पिळलेलं, वाळलेलं, अंगावर वागवलेलं सूत आतून मोकळं होतं, त्यात धाग्यांना मुळं धरायला जागा मिळते. नायलॉन, पॉलिस्टर काही चालत नाही. सूत हवं, तेही जुनं.

वाढवायची रीत ऐकून तर मला हसूच आलं. आंबलेल्या पेजेच्या पाण्यात जुनेर भिजत घालायचं आणि त्यात आधीच्या जिवंत कापडाचा तुकडा टाकायचा. तीन आठवडे झाकून ठेवायचं. "म्हणजे विरजण!" मी म्हटलं. ओवी म्हणाली, "हो काका, विरजणच." मग दोन्ही काठांना वीज वाहून नेणाऱ्या कोळशाच्या बारीक दोऱ्याने धावदोरा घालायचा, गोधडीला घालतात तसा, आणि त्या दोऱ्यांना पदराशी दिवा जोडायचा. झालं वीजकेंद्र. एकच गोम होती. ते जीव हळूहळू सूत खातात. दोन पावसाळ्यांत साडीच्या चिंध्या होतात आणि मग ती मातीत घालायची.

ही गोम कळल्यावर गावातल्या एकाही बाईने साडी दिली नाही. आमच्याकडे जुनेर म्हणजे घरातलं माणूस. त्याची गोधडी होते, बाळंतिणीला ते लागतं. तान्ह्या बाळाला पहिल्यांदा नव्या कापडात गुंडाळत नाहीत, आजीचं नाहीतर पणजीचं मऊ जुनेर लागतं. ते कुणी दिव्याला खायला घालील? शेवटी वैजूने स्वतःची साडी काढली. हळदी रंगाची, काळ्या काठाची. शाळेत नेसून नेसून मऊसूत झालेली. तिने ती स्वतःच्या हाताने पेजेत बुडवली, आणि साडी बाहेर निघायच्या आत ती गेली. सकाळी चहा ठेवायला उठली आणि ओट्यापाशीच बसली ती बसलीच. डॉक्टर म्हणाले, हृदय.

तिच्यामागे मी तिची कपाटातली उरलेली जुनेरंही पेजेत घातली. लोक म्हणाले, पारकरशेठचं डोकं फिरलं. फिरलं होतंच. रिकामं घर, उघडं कपाट आणि त्यात तिच्या साड्या, हे मला बघवत नव्हतं. बागेत टांगल्या तर निदान दिसायच्या.

आणि काय दिसायच्या हो! श्रावणातली संध्याकाळ, खाडीवर धुकं, नारळींच्या मधून बांधलेल्या दोऱ्या आणि त्यावर सात साड्या. वारा नसतानाही पदर हलल्यासारखे वाटायचे. अंधार पडायला लागला की पदराशी बांधलेले दिवे आपसूक उजळायचे, कुणी बटण दाबायचं नाही. सारवलेल्या अंगणात चांदणं पडावं तेवढाच उजेड. पण त्या उजेडात बाकावर बसलेली माणसं हळू बोलायची. आमच्या खारकोंडात हळू बोलणारी माणसं मी त्याआधी पाहिली नव्हती.

एक दिवस संगीता कुबल ओरडतच माझ्याकडे आली. ही बागेतल्या सकाळच्या महिला मंडळाची पुढारी. तोंड फाटकं, मन मऊ. "शेठनूं, बगा बगा! मी हळदी साडीच्या बाजूक उभी ऱ्हवान सुनेचा सांगूक लागलंय आणि दिवो वाढलो!"

"तुझ्या सुनेचं ऐकून सगळ्यांचाच दिवा वाढतो," मी म्हटलं.

पण खरंच वाढत होता. ओवीने सांगितलं, श्वासात ओल असते. कापडाला तोंड लावून बोललं की तेवढ्या जागी ओल वाढते आणि दिवा उजळतो. एवढं साधं. पण साधं कळून माणसं थांबतात थोडीच! बाईंचे जुने विद्यार्थी यायला लागले. कुणी टेंपो चालवणारा, कुणी बँकेतला, कुणी नवरा सोडून माहेरी आलेली. साडीजवळ उभं राहायचं, पुटपुटायचं आणि दिवा उजळला की डोळे पुसत घरी जायचं. त्याला गावात नावच पडलं, बाईंना सांगणं. मी ओवीला म्हटलं, "आपण विज्ञानाची शाळा काढतोय की देऊळ?" ती म्हणाली, "काका, त्यातला प्रत्येक माणूस जाताना मला विचारतो की हे होतं कसं. मग मी सांगते. अजून काय पाहिजे?"

भाद्रपदात माझी मुलगी सानिका बाळंतपणाला आली. आठवा संपत आलेला, जावई बोटीवर. आई नसलेल्या माहेरी बाळंतपणाला यायचं म्हणजे काय असतं, हे मला कळायला हवं होतं. आल्या आल्या ती हातपाय धुऊन आईच्या कपाटाशी गेली आणि तशीच बाहेर आली.

"बाबा, आईची जुनेरं कुठायत?"

"बागेत," मी म्हटलं.

मी तिला बागेत घेऊन गेलो. वाटलं, बघून खूश होईल. तिने एकेका साडीला हात लावला. कापड ठिकठिकाणी पिवळट-करडं झालेलं, पेजेचा आंबूस वास येणारं, हळदी साडी तर मधून जाळीसारखी झालेली. तिचा पदर हातात धरूनच ती माझ्याकडे वळली.

"मला विचारलं का नाहीत?"

"अगं, आईनेच सुरुवात केली होती."

"तिने एक दिली. सगळं कपाट तुम्ही रिकामं केलंत. माझ्या बाळाला मी कशात घेऊ? दुकानातल्या टॉवेलात?"

"एक काढून देतो ना, सोमवार होऊ दे. सात आहेत म्हणून मत्स्यालयातल्या सभागृहात पुरेसा उजेड पडतो. एक जरी काढली तरी..."

"बाळ तुमच्या नगरपरिषदेचं कॅलेंडर बघून येणार आहे का?"

ओवीने मध्ये पडून खरं ते सांगितलं. जिवाणू असलेलं कापड तान्ह्या बाळाला वापरता येणार नाही. साबणाने धुतलं की पापुद्रा मरतो, मग कापड वापरता येईल, पण ते पुन्हा कधी वीज देणार नाही, खाल्लेल्या सुतावर दुसऱ्यांदा मूळ धरत नाही. म्हणजे साडी एकतर बाळाची, नाहीतर दिव्याची. सानिकाने पाठ फिरवली. घरी येऊन आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. मी दाराबाहेरून जेवायला हाक मारायचो, ती येऊन मुकाट्याने जेवायची आणि परत जायची. आम्ही दोघं एकाच बाईसाठी झुरत होतो आणि एकमेकांशी बोलत नव्हतो. मूर्ख बाप आणि हट्टी मुलगी, दुसरं काय!

गणपती गेले आणि लखलखीत ऊन पडलं. रविवारी सकाळी सानिकाच्या पोटात कळा यायला लागल्या. मी तिला घेऊन तालुक्याला इस्पितळात पळालो. ओवीही गाडी चालवायला बरोबर आली. खोट्या कळा निघाल्या. डॉक्टर म्हणाल्या, अजून अवकाश आहे, घरी जा. दुपार उलटून गेल्यावर परत आलो. सानिकाला घरी सोडलं आणि आम्ही दोघं बागेत गेलो.

दोरीवर साड्या होत्या. पांढऱ्या पांढऱ्या, निळ्या निळ्या, इस्त्री केल्यासारख्या ताठ. उन्हात झगमगत होत्या. खाली महिला मंडळ ओळीने उभं, चेहऱ्यावर बक्षीस घ्यायला आल्यासारखं हसू.

"आता कशी दिसतत!" संगीता म्हणाली. "बाईंची लुगडी उद्या नगरपरिषदेच्या मॅडमच्या फुड्यात मळकी टांगूची? गावाची अब्रू नाय जातली? धुतलांव, खळ लावलांव, निळीत काढलांव!"

आमच्याकडची चालच आहे ती. गणपती गेले, ऊन पडलं की घरातलं सगळं बाहेर काढायचं, धुवायचं, उन्हाला घालायचं. त्या बायकांनी प्रेमाने केलं होतं. घासून घासून हात लाल झाले होते त्यांचे. करायला गेले गणपती आणि झाला मारुती!

"कोणी सांगल्यान होता तुमका?" मी असा ओरडलो की नारळीवरचे कावळे उडाले. "ओवीने बोंबलून सांगितलं होतं, साबण लावायचा नाही म्हणून! मारलंत! सगळं मारलंत!"

संगीताचं हसू मावळलं. ओवीने एकेका साडीचा दिवा हातात घेतला, तोंड लावून फुंकर घातली. काही नाही. साबणाने पापुद्रा उसवला होता आणि उरलीसुरली भोकं खळीने बुजली होती. ती दोरीखाली मटकन बसली. तिचं दोन वर्षांचं काम, वैजूचं स्वप्न, सगळं निळीच्या पाण्यात गेलं. मला त्या बायकांना अजून बोलायचं होतं, पण संगीता पदरात तोंड घालून रडायला लागली. रडणाऱ्या बाईपुढे माझं तोंड बंद होतं. तसं ते वैजूने करून ठेवलं होतं.

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं. सहाच होत्या. हळदी साडी नव्हती.

"आमका इतकीच गावली," संगीता हुंदके देत म्हणाली.

मी घरी आलो. सानिकाच्या खोलीचं दार लोटलेलं. बाहेर तिन्हीसांज झाली होती, घरात दिवा लावलेला नव्हता, आणि दाराच्या फटीतून उजेड येत होता. मंद, कमी-जास्त होणारा. मी दार ढकललं.

हळदी साडी खुर्चीच्या पाठीवर टाकलेली होती. सानिका तिच्याजवळ, पोटावर हात ठेवून बसली होती आणि बोलत होती. "आणि डॉक्टर म्हणाल्या, डोकं खाली आलंय गं. मला भीती वाटते. तुला वाटली होती का माझ्या वेळी?" ती बोलायची तसा दिवा वाढायचा. ती थांबली की तो हळूच मंद व्हायचा आणि ती पुन्हा बोलायची.

मला पाहून ती दचकली. "काल तुम्ही जेवत असताना काढून आणली. धुवायला घेतली होती. बादली भरली, साबण हातात घेतला, आणि नाही धुववली." तिने साडीवर हात ठेवला. "बाबा, मला माहितीये ही वाफ आहे. मी विज्ञान शिकलेय, तिच्याचकडे. पण मी बोलले आणि तिने ऐकलं असं वाटलं. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा."

मी तिच्याजवळ जमिनीवर बसलो. बागेत काय झालं ते सांगितलं. ती आधी डोळे मोठे करून ऐकत राहिली आणि मग, देवाशपथ, हसायला लागली. "निळीत काढली? आईच्या साड्या? आईने निळीला हात लावला नाही कधी!" हसता हसता रडली. मी पण हसलो. किती दिवसांनी आम्ही दोघं एका गोष्टीला हसलो.

"म्हणजे बाळाला आता सहा सहा साड्या," ती म्हणाली. खुर्चीवरच्या साडीकडे बघत राहिली. मी काही मागितलं नाही. माझ्यात मागायची हिंमतच नव्हती.

"उद्या हिला नेऊ," तीच म्हणाली.

सोमवारी नगरपरिषदेच्या मुख्याधिकारी अंजुम शेख आल्या. बाई लातूरकडच्या, नुकत्याच बदलून आलेल्या, घामाने हैराण. सभागृहात सगळं गाव जमलेलं. मध्ये एकच हळदी साडी, तिच्या पदराशी एकच दिवा, आणि भोवती अंधार. कारंजेवाले मागे उभे राहून खुसखुसत होते.

"एवढंच?" शेख मॅडम म्हणाल्या. "पारकरसाहेब, अर्जात तर अख्खं सभागृह उजळेल असं लिहिलंय."

मी तोंड उघडणार तोच संगीता पुढे झाली. कालपासून तिने अन्न घेतलं नव्हतं. "मॅडम, त्यांची चूक नाय. साड्या मी धुतलंय. चुकलां माजां." आणि मग ती बाई सांगत सुटली. कापडावर जीव कसे चढतात, ते ओल कशी पितात, जास्त ओलीकडून कमी ओलीकडे काय सरकतं, साबण त्या धाग्यांचं काय करतो, खळीने भोकं बुजली की ओल आत का जात नाही. रात्रभर ओवीच्या मागे लागून तिने सगळं समजून घेतलं होतं. का, तर आपण नेमकं काय मारलं ते तिला कळायला हवं होतं. तिच्या मागे मंडळातल्या बाकीच्या बायका, ही एक विसरली की ती सांगायची. बोलता बोलता त्या साडीभोवती सरकल्या आणि त्यांच्या श्वासाने दिवा वाढत गेला. अंधारातून त्यांचे चेहरे दिसायला लागले.

शेख मॅडम बायकांच्या घोळक्यातून पुढे आल्या. मग साडीपाशी वाकून म्हणाल्या, "लहानपणी आम्ही टँकरची वाट बघायचो. आणि इथं माझ्या फायलींना बुरशी लागते म्हणून मी रोज तुमच्या हवेला शिव्या देते." त्यांच्या तोंडासमोर दिवा लखकन उजळला. त्या एक पाऊल मागे सरल्या, आणि मग पुन्हा पुढे येऊन मुद्दाम फुंकर घातली. अधिकारी बाई, पण तेव्हा चौथीतल्या मुलीसारखी दिसली.

"सभागृह उजळलं नाही, हे मला लिहावं लागेल," त्या म्हणाल्या. "पण हे शिक्षणकेंद्र आहे, आणि शिकवणं मी आत्ता डोळ्यांनी पाहिलं, तेही लिहीन. दिवाळीपर्यंत मुदत देते. तोपर्यंत पूर्ण उजेड दाखवा. कसा दाखवाल?"

उत्तर ओवीला माहीत होतं, मला माहीत होतं. विरजण एकच उरलं होतं. ते फाडून वाटायला हवं. आणि एकदा फाडलं की ही साडी उरणार नव्हती, बोलायला नाही, बघायलाही नाही.

"साड्या आमी देतव," संगीता म्हणाली. "माज्या आवशीची आसा. गोधडीसाठी ठेवलेली." मग दुसरी बोलली, तिच्या सासूची आहे. मग तिसरी. जी जुनेरं दोन वर्षं मागून मिळाली नव्हती, ती आता मागितल्याशिवाय येत होती.

ओवीने हळदी साडी दोरीवरून काढून माझ्या हातात दिली. जन्मभर कापड फाडलंय मी. दातांनी कडेला चीर द्यायची आणि टर्रकन ओढायचं, सरळ रेघेत, मोजपट्टी लागायची नाही. त्या संध्याकाळी माझे हात हलेनात.

"मला नाही जमायचं," मी म्हटलं, सगळ्या गावासमोर.

सानिका जड पावलांनी पुढे आली. साडी छातीशी धरली, तिच्यात तोंड खुपसून काहीतरी बोलली. दिवा वाढला. मग तिने दिवा सोडवला, काठ हातात घेतला आणि साडी फाडली. एक पट्टी, दुसरी पट्टी. सुताचा आवाज सभागृहभर ऐकू येत होता. प्रत्येक बाई पुढे येऊन ओंजळीत पट्टी घेत होती, प्रसाद घेतात तशी. फाडताना सानिकाचे डोळे कोरडे होते. शेवटची पट्टी तिने कुणालाच दिली नाही.

"बाबा, घरी चला," ती म्हणाली. "तुमचा एक जुना सदरा काढा."

"माझा? माझ्या सदऱ्याला काय उजेड पडणार?"

"सुती आहे. आईने वीस वर्षं धुतलाय. काढा म्हणते ना."

घरी आल्यावर तिने बादलीत आंबलेली पेज ओतली, माझा पांढरा सदरा बुडवला, त्यात वैजूची हळदी पट्टी सोडली आणि वर ताट झाकलं. बादली मागच्या ओट्यावर ठेवली. तिथे मी रोज जायचो. झाकण काढू नका, असं तिने बजावलं होतं. मी रोज काढायचो.

आठ-दहा दिवसांनी एका सकाळी मी ताट उचललं आणि बघतच राहिलो. गिऱ्हाइकाला चाळीस वर्षं छातीवर हात ठेवून सांगत आलो, रंग जाणार नाही ताई, गेला तर माल परत. त्या जिवांनी सूत खाता खाता पट्टीचा रंग सोडवला होता. माझा सदरा पिवळा झाला होता. खांद्यापासून खालपर्यंत, हळदी.

मी तिथेच ओट्यावर बसलो आणि वैजू गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर रडलो. आवाज ऐकून सानिका पोट सावरत बाहेर आली.

"काय झालं बाबा? मेलं का ते?"

"नाही गं," मी म्हटलं. "तिचा रंग लागलाय मला. बघ."